खांबावरचा खळगा

"नवऱ्याचं नाव सांगा." फळ्यांच्या फटीतून अडोनिसचा आवाज वर आला.

वर दवाखान्यात जदुनाथ खोकल्याचं औषध बाटलीत ओतत होता. त्याचा हात थांबला.

खाली चुलीत लाकूड तडतडलं. मग धनराजी म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे की, साहेब."

"मला आहे, बाई. सरकारला नाही."

"सरकारनंच तर पाटी लावलीय जिन्यापाशी. वाचा तुम्ही. मला काही वाचता येत नाही."

"पाटीवरचं चालत नाही. तुमच्या तोंडून यायला पाहिजे."

ब्रिटिश गयानातल्या एसेक्विबो नदीच्या मुखातल्या त्या बेटावर सगळीच घरं लाकडी खांबांवर उभी होती. सरकारी दवाखानाही तसाच. पुढच्या बाजूला औषधांची खोली, मागे कंपाउंडरचं बिऱ्हाड आणि खाली, खांबांमधल्या सावलीत, धनराजीचा संसार. चूल तिथे, पाण्याचं पिंप तिथे, दोन खांबांना बांधलेली झोळी तिथे. दुपारी भरतीचं पाणी चरातून आत येई, त्याची चकाकी वरच्या फळ्यांच्या खालच्या बाजूला हलत राही, आणि झोळीत पडलेल्या माणसाला घरच हळूहळू समुद्राकडे निघाल्यासारखं वाटे.

आज तिथे एक खुर्ची मांडली होती आणि खुर्चीवर राजधानी जॉर्जटाउनहून आलेला हिशेबखात्याचा कारकून कथबर्ट अडोनिस बसला होता. कंपाउंडरने चौकशी होईपर्यंत वरच थांबायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, असं त्याने आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. "पाच मिनिटांचं काम आहे," असंही म्हणाला होता.

प्रकरण असं होतं. अकरा वर्षांपूर्वी जदुनाथची या बेटावर बदली झाली, तेव्हा वैद्यकीय खात्याने त्याला विचारलं, लग्न झालंय का? तो हो म्हणाला. तेव्हापासून पगारासोबत त्याला कुटुंबभत्ता मिळत होता. आता कोणा तपासनिसाच्या लक्षात आलं, की हे लग्न बांबूच्या मांडवाखाली पंडिताने लावलेलं आहे आणि सरकारी दप्तरी त्याची नोंदच नाही. हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या लोकांची बहुतेक लग्नं अशीच व्हायची. पण ब्रिटिश गयानाच्या कायद्याला बांबू दिसत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने जदुनाथ ब्रह्मचारी होता, आणि ब्रह्मचाऱ्याला अकरा वर्षं भत्ता जादा गेला होता. तो परत करायचा.

एक वाट होती. अधिकाऱ्याने जागेवर जायचं आणि बाईला एकटीला विचारायचं. तू कोणाची बायको, हे तिने आपल्या तोंडाने सांगितलं आणि दोन शेजाऱ्यांनी दुजोरा दिला, तर सरकार समजून घेणार होतं. शेजाऱ्यांचे अंगठे सकाळीच उठले होते. उरलं होतं एक नाव.

जदुनाथला ती सांगणार नाही हे ठाऊक होतं. लग्नाला तीस वर्षं झाली, तिच्या तोंडून त्याने आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. मूलबाळ झालं असतं तर त्याचं नाव पुढे लावून हाक मारता आली असती. तेही झालं नाही.

"बरं, असं करू," खालून अडोनिस समजुतीने म्हणाला. "सरळ नका सांगू. खूण सांगा."

"ते बघा." तिच्या बांगड्या वाजल्या. ती खांबावर ठोकलेल्या कॅलेंडरकडे बोट दाखवत असणार. "त्या फोटोतले देव. त्यांचंच नाव."

"बासरीवाला? हा तर कृष्ण. मला माहीत आहे. म्हणजे मिस्टर कृष्णा?"

"अहो नाही! त्याचं दुसरं नाव."

"किती नावं आहेत त्याला?"

"हजार."

वर जदुनाथला टाक खाली ठेवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बाई, मी मेथडिस्ट माणूस," अडोनिस म्हणाला. "आमचा एकच देव, त्याला नावंही मोजकी. आता मला सांगा, ते वर आहेत, तुम्ही खाली. जेवायला बोलवायचं तर हाक कशी मारता?"

"अशी."

आणि तिने चुलीवरची लोखंडी पळी उचलून खांबावर दोनदा मारली. टक. टक.

"आलो!" जदुनाथ वरून म्हणाला.

म्हणाला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. पण शब्द गेला तो गेला. बेटावर आल्यापासून त्या दोन टकांना तो हेच उत्तर देत आला होता. एक टक म्हणजे कोणीतरी आलंय, दोन म्हणजे पान वाढलंय, तीन म्हणजे पाऊस आला, वाळत घातलेलं उचला. खांबावर त्या जागी लाकूड दबून पसरट खळगा पडला होता.

अडोनिस जिना चढून वर आला तेव्हा घामाघूम झाला होता. जाडसर, काळासावळा, डोळ्यांत हसू असलेला माणूस. तो औषधाच्या टेबलाशी बसला.

"कंपाउंडर, तुम्ही बोललात."

"सवय झालीय."

"माझ्या आईबापांनी तर लग्नच केलं नव्हतं. ना चर्चमध्ये, ना बांबूखाली. पण आई बापाचं नाव असं घ्यायची, की अख्ख्या आळीतली कुत्री उठून बसायची." त्याने कागद पुढे ओढला. "आता मी लिहू काय?"

"झालं ते लिहा."

अडोनिसने लिहिलं आणि खळखळ हसत वाचूनही दाखवलं : सदर बाईस पतीचे नाव विचारले असता तिने एका देवतेचे चित्र दाखवले व खांबावर पळी मारली. मग त्याने कागद मिटला. "यात हसण्यासारखं काही नाही," असं स्वतःलाच म्हणाला आणि धनराजीने वाढलेल्या दालपुऱ्या खाऊन दुपारच्या बोटीने निघून गेला.

*

महिन्याभरात वसुलीचा हुकूम आला. दर महिन्याला पगारातून कापून घेणार, ते जदुनाथच्या पेन्शनपर्यंत.

हुकूम त्याने धनराजीला वाचून दाखवला तेव्हा ती घराच्या बाजूच्या चराकडे बघत होती. चरात ग्रीनहार्ट लाकडाचे नऊ खांब पाण्यात बुडवून ठेवलेले होते. लाकूड मुरलं की बांधाजवळच्या तुकड्यावर घर उभं करायचं. पेन्शन झाली की सरकारी बिऱ्हाड सोडावं लागणार, म्हणून तिने स्वतः एकेक खांब पारखून घेतला होता. भरतीला ते दिसेनासे होत. ओहोटीला त्यांच्या काळ्या पाठी वर येत, झोपलेल्या जनावरांसारख्या.

"हे विकावे लागतील?" तिने विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे विकावे लागतील."

त्याच टपालात अडोनिसची चिठ्ठी होती. हुकूम अजून पक्का झालेला नाही. बाईला घेऊन मोठ्या साहेबासमोर या. तिने फक्त नाव घ्यावं, बाकी मी बघतो.

शेजारच्या फूलमतीला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडता निवडता कपाळाला हात लावून बसली.

"चार अक्षरं गं! चार अक्षरांसाठी घर घालवतेस? मी माझ्याचं नाव दिवसातून दहादा घेते, तेही शिव्यांसकट. मरतोय का मेला?"

"तुझं वेगळं आहे."

"वेगळं काय? त्याला मारायला देवाला वेळ नाही, एवढंच."

धनराजी हसली. पण दुसऱ्या दिवसापासून जदुनाथला फळ्यांच्या फटीतून चमत्कारिक आवाज ऐकू येऊ लागला. "ज... ज..." ती कोंबड्यांपुढे सराव करत होती. कोंबड्यांना वाटायचं, आपल्याला हाकलतेय. त्या फडफडत चरापलीकडे पळायच्या, आणि ती त्यांना परत बोलवायची. जदुनाथ वर टेबलाशी न हलता बसून राही. कोणीतरी अंधारात आपल्या दाराची कडी चाचपडतंय, तसं त्याला वाटे.

*

राजधानीला जायच्या दिवशी नदीवर धुकं होतं. बोट धक्क्यावरून सुटली आणि बेट क्षणात पुसलं गेलं. पलीकडचा किनारा तर तिथून उघड्या दिवशीही दिसत नसे. खाली तपकिरी पाणी, वर पांढरं आभाळ. बोट चालते आहे की नदीच खालून सरकते आहे, ते कळत नव्हतं. धनराजीने पांढरी ओढणी डोक्यावरून घेतली होती. तिच्या मांडीवर डब्यात भात आणि वालाच्या शेंगांची भाजी होती.

"एकदा घेतलं तर काय होतं?" तिने पाण्याकडे बघत विचारलं.

"काही होत नाही."

"तुम्हाला खोकला आहे."

"तो खलातल्या भुकटीचा. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच असतो."

"माझ्या मावशीनं घेतलं होतं. पोलिसापुढे. कापणीच्या आत काका गेले."

"त्यांना क्षय होता. मीच औषध देत होतो."

"होताच ना. आधीपासून होता. पण गेले ते नाव घेतल्यावर."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिचे ओठ आवाज न करता हलत होते. कुठल्या तरी वळणावर धुक्यातून दुसरी बोट आली, अगदी जवळून गेली. तिच्या कठड्याला टेकून उभी असलेली माणसं यांच्याकडे बघत होती. एकानेही हात हलवला नाही.

"मी घेईन," धनराजी म्हणाली. "घर आपलं पाहिजे. मी ठरवलंय."

*

मोठ्या साहेबाच्या खोलीत पंखा फिरत होता. साहेब इंग्रज, वयस्क, वागायला सभ्य. त्याने धनराजीला बसायला सांगितलं. ती बसली नाही. अडोनिस कोपऱ्यातल्या टेबलाशी टाक घेऊन तयार होता. नियम होता बाईला एकटीला विचारण्याचा. पण मागच्या वेळी नवरा फळ्यांवरून बोलला होता, तेव्हा आता तो डोळ्यांपुढेच असू दे, असं साहेब म्हणाला. जदुनाथला दारापाशी उभं केलं.

"घाबरू नका," साहेब म्हणाला. "हे कोण आहेत?"

"आमचे घरचे."

"त्यांचं नाव?"

खिडकीबाहेर घोडागाडी गेली. टापा लांब गेल्या.

धनराजीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. मग तिने जदुनाथकडे बघितलं. अशी ती त्याच्याकडे कधी बघत नसे. एखाद्याला दूरच्या प्रवासाला घालवताना, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघावं, तशी. तिचे ओठ उघडले. "ज," ती म्हणाली.

जदुनाथने आयुष्यभर माणसांचे चेहरे बघितले होते. औषध कडू आहे म्हणून वाकडा झालेला चेहरा आणि आपण विष घेतोय असं समजून औषध घेणाऱ्याचा चेहरा, यातला फरक त्याला कळत होता. ती नाव घेईल. घर उभं राहील. आणि त्या घरात तो खोकला की तिचा हातातला घास थांबेल. रात्री त्याचा श्वास चालू आहे ना, हे बघायला ती उठून बसेल. तो गेला, म्हातारपणी का होईना, तर आपणच त्याला मारलं असं समजून ती उरलेले दिवस काढेल.

"साहेब," तो म्हणाला, "राहू द्या. विचारू नका. पैसे कापून घ्या."

अडोनिसने टाक आपटला. "कंपाउंडर! ती घेतेय नाव! एक मिनिट गप्प बसा!"

"कापून घ्या," जदुनाथ पुन्हा म्हणाला.

साहेबाने चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला मान्य आहे, की ही तुमची बायको नाही?"

"ते मान्य नाही साहेब. पैसे मान्य आहेत. तेवढंच लिहा."

"या दोन गोष्टी वेगळ्या लिहिता येत नाहीत."

"मग तुम्हाला जमेल तसं लिहा. माझी सही पैशांपुरती."

साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. वेगळ्या भाषेतलं गाणं ऐकताना माणूस बघतो, तसं तो बघत होता. मग त्याने अडोनिसला मान हलवून खूण केली.

*

बोटीत बसल्यावर धनराजीने डबा उघडला, त्याच्यापुढे ठेवला, आणि म्हणाली, "मी घेणार होते."

"माहीत आहे."

"अर्धं घेतलंही होतं."

"अर्ध्यानं काही होत नाही."

"कोणी सांगितलं?"

"कंपाउंडर आहे मी. अर्ध्या मात्रेनं गुण येत नाही, अपायही होत नाही."

तिला हसायचं नव्हतं. तिने तोंड फिरवलं, पण खांदे हलले ते त्याला दिसले. धुकं विरलं होतं. उन्हात नदी इतकी रुंद झाली होती की त्यांची बोट कुठेच जात नव्हती, फक्त दिवस पुढे चालला होता.

"घर गेलं," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"हो."

"शेंगा खाऊन घ्या. विटतील."

*

खांब फूलमतीच्या नवऱ्याने विकत घेतले. त्यांच्यावर त्याने घर बांधलं, पुढे निळा सज्जा काढला. संध्याकाळी बांधावरून जाताना धनराजी त्या घरापाशी थांबायची आणि म्हणायची, "आपल्या खांबांवर काय छान उभं राहिलंय." फूलमती वरून ओरडायची, "ये की वर, तुझेच खांब आहेत!" ती क्वचितच जायची. दर महिन्याला पगार कापून येत राहिला. त्यात दोघांनी भागवलं. धनराजीने कोंबड्या वाढवल्या, अंडी धक्क्यावर विकली. नाव घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. टक टक व्हायची, तो "आलो" म्हणायचा, आणि फळ्यांखाली भरतीची चकाकी हलत राहायची.

वसुलीचं शेवटचं वर्ष चालू होतं. एका दुपारी वर औषधं बांधता बांधता जदुनाथला वाटलं, आज जेवायला उशीर झाला. शिजलेल्या भाताचा वास तर केव्हाच वर आला होता. तो थांबला. टक टक होईल म्हणून आणखी थोडा थांबला. मग कोणी न बोलावता पहिल्यांदाच खाली उतरला.

चूल विझवलेली होती. भातावर झाकण होतं. धनराजी झोळीत होती, हात बाहेर लोंबत होता, आणि पळी खाली मातीत पडली होती. झोळी किंचित हलत होती, ती वाऱ्याने.

पुढच्या महिन्यांत बेटावरचं जो तो त्याच्याशी जपून बोलू लागला. जदुनाथभाऊ, जेवलात का. जदुनाथकाका, काही हवं का. धक्क्यावर, वाण्याकडे, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडून त्याला त्याचं नाव ऐकू येई. आधीही येतच असेल. त्याच्या कानांवर ते आता पडू लागलं होतं.

*

पेन्शनच्या दिवशी बिऱ्हाड ताब्यात घ्यायला बांधकामखात्याचा एक माणूस आला. नवीन होता, घाईत होता, बेटावर पहिल्यांदाच येत होता. त्याने खिडक्या उघडून मिटून बघितल्या, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, पिंपाची तोटी फिरवली. मग खाली येऊन एकेका खांबावर हात मारत चुलीपाशी आला आणि थांबला.

"हे काय?"

खांबावर कमरेच्या उंचीला खळगा होता. तळवा मावेल एवढा. आतलं लाकूड गुळगुळीत, तेलकट, काळं झालं होतं.

"कशानं झालं?"

"पळीनं."

"सरकारी खांबावर पळी मारत होतात?"

"मी नाही."

"मग कोणी?"

"माझ्या बायकोनं," जदुनाथ म्हणाला.

त्या माणसाने मान न वर करता लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर म्हणाला, "नुकसानीचा एक डॉलर भरावा लागेल. नियम आहे."

"काय लिहिलंत, वाचाल?"

"कशाला?"

"वाचा ना."

तो माणूस वैतागला, पण त्याने वाचलं. "खांब एक, खराब. नुकसान कंपाउंडरच्या पत्नीने केले. वसुली एक डॉलर."

जदुनाथ त्या ओळीकडे बघत राहिला.

"जास्त वाटत असेल तर अर्ध्यावर आणतो," तो माणूस म्हणाला. "जुनं लाकूड, असं लिहितो. बायकोचा उल्लेखही काढून टाकतो, हवं तर."

"नको, नको," जदुनाथ घाईने म्हणाला. "बरोबर आहे. तिनंच केलंय." त्याने खिशातून डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवला. "पावतीवर पण असंच लिहा. पत्नीने, म्हणून."

बोटीचा भोंगा झाला. त्याची ट्रंक आधीच धक्क्यावर गेली होती. चरात पाणी चढत होतं आणि फळ्यांच्या खालच्या बाजूला उजेड हलायला लागला होता. धक्क्यावरून कोणीतरी ओरडलं, "जदुनाथ! ओ जदुनाथ! सुटतेय बोट!"

तो खांबाच्या खळग्यात तळहात ठेवून उभा होता. त्याने लगेच ओ दिली नाही.